बायोलॉजिक इंजेक्शनाआधीची टीबी तपासणी: या चुका टाळा

आमवाताच्या पेशंटला "तुमची टीबीची टेस्ट राहिलीय" म्हटलं की निम्मे जण "मला कुठं खोकला आहे?" म्हणून माझ्याकडेच संशयाने बघतात. खोकला नाही हे मलाही दिसतंय. प्रश्न झोपलेल्या टीबीचा आहे. आपल्याकडे कित्येकांच्या अंगात हे जंतू वर्षानुवर्षं मुकाट पडून असतात, शरीराने त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही बायोलॉजिक इंजेक्शनं सांध्यांची सूज उतरवायला ज्या टीएनएफला (शरीरातलं सूज आणणारं प्रथिन) अडवतात, त्याच्याच जोरावर ते कुंपण उभं असतं.

माझं डोकं फिरतं ते मॅन्टू टेस्ट, म्हणजे हातावर टोचून करायची टीबीची टेस्ट, फोटोवरून वाचतात तेव्हा. एका काकूंचं असंच झालं. मुलीचं लग्न तोंडावर, बोटं सुजलेली, घाई सगळ्यांनाच. मुलाने हाताचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, "फारसं लाल नाही" म्हणून निगेटिव्ह धरली, इंजेक्शन सुरू. लग्नात काकू छान मिरवल्या. तिसऱ्या महिन्यात रोज संध्याकाळी कणकण, हातातल्या बांगड्या सैल, पोट मात्र फुगलेलं. खोकला नाही, म्हणून टीबी कोणाच्या डोक्यातच आला नाही. "वात उसळलाय" म्हणून स्टेरॉईड वाढवलं. शेवटी पोटातलं पाणी तपासलं तेव्हा कळलं. या इंजेक्शनांवर टीबी बऱ्याचदा फुप्फुसाबाहेरच निघतो.

लाली मोजायचीच नसते. मोजायचा तो टोचलेल्या जागेचा कडकपणा, टोचल्यापासून 48 ते 72 तासांत, बोटाने चाचपून. मी बॉलपेन दोन्ही बाजूंनी आत ओढत नेते, अडलं की थांबते आणि मधलं अंतर पट्टीने घेते. अशा पेशंटना 5 मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह. फोटो पाठवणाऱ्यांना माझा एकच रिप्लाय: हात घेऊन या.

निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असंही नाही. स्टेरॉईड चालू असेल तर टेस्ट फसवते. छातीचा एक्स-रे हवाच, आणि घरात कोणाला टीबी झाला होता का ही चौकशीही. सासरचा टीबी लोक पहिल्या फटक्यात सांगत नाहीत. मी तीनदा विचारते.

"ही तर गोळी आहे" म्हणून आमवातावरचं टोफासिटिनिब टीबीच्या तपासणीशिवाय घेऊ नका. धोका तिथेही आहे.

झोपलेला टीबी सापडल्यावर त्याचं प्रतिबंधक औषध सुरू करून दोन आठवड्यांत इंजेक्शन मागायला येणाऱ्यांनो, निदान महिना थांबा, आणि इंजेक्शन मिळालं म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. आमवाताच्या मेथोट्रेक्झेटबरोबर टीबीचं प्रतिबंधक आयसोनियाझिड चालू असेल तर लिव्हरची तपासणी वेळेवर करा. दारू बंद, "फक्त शनिवारी"सुद्धा नाही.