स्तनाच्या कर्करोगाचे लवकर निदान झाल्यावर शस्त्रक्रिया कशी ठरवावी

बायोप्सीच्या अहवालात कर्करोगाचे निदान आले की घरातील बहुतेक माणसे एकाच वाक्यावर येऊन थांबतात : "काय काढायचे ते काढून टाका, पण उद्याच करा." या वाक्यामागची माया खरी आहे आणि भीतीही खरी आहे. परंतु त्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली अशी, की एकेक दिवस जिवावर बेतणारा आहे; दुसरी अशी, की जितके जास्त काढावे तितके आयुष्य अधिक सुरक्षित होते. गाठ सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर या दोन्ही समजुतींना वैद्यकीय आधार नाही. सोलापूर जिल्ह्यातील ज्या स्त्रीसमोर आज हा निर्णय उभा आहे, तिला तो घाईने किंवा दुसऱ्याच्या तोंडून घ्यावा लागू नये, यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

हाताशी किती वेळ आहे

हाताला लागणारी गाठ बहुधा कित्येक महिने, कधी काही वर्षेही, शरीरात वाढत आलेली असते. त्यामुळे निदानानंतरचे दोन-तीन आठवडे तपासण्या पूर्ण करण्यात आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात गेले, तर सहसा त्याने उपचाराचे फळ बदलत नाही. महिनोन्‌महिने केलेली चालढकल मात्र महागात पडते. गड्ड्याची यात्रा होऊ दे, आषाढी होऊ दे, धाकटीचे लग्न उरकू दे, असे म्हणत तारीख पुढे ढकलणे आणि तोवर झाडपाल्याचा लेप लावून पाहणे, हे दोन्ही कृपया करू नका. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे, की माझ्या बाबतीत शस्त्रक्रिया कोणत्या तारखेच्या आत व्हायला हवी, आणि ती तारीख फाईलवर लिहून घ्यावी.

शस्त्रक्रियेआधी फाईलमध्ये काय असावे

निदान सुईने काढलेल्या तुकड्यावरून, म्हणजे ट्रू-कट बायोप्सीने, झालेले असावे. सुई किंवा सुरी लागली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यामुळे अनेक स्त्रिया ही साधी तपासणी टाळतात. प्रत्यक्षात सुईने तपासणी केलेल्या स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही, उलट निदान आधी हाती आल्याने शस्त्रक्रिया एकदाच आणि नीट आखता येते. "गाठ काढू आणि मग तपासायला पाठवू" असे कोणी सुचवले, तर आधी सुईची तपासणी करण्याचा आग्रह धरावा. गाठ अशा रीतीने आधीच काढली गेली असल्यास प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्यावेत. ते रुग्णाच्या हक्काचे आहेत आणि दुसऱ्या रुग्णालयात त्यांवरच पुढचे काम होते.

त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्या झालेल्या असाव्यात (पहिल्या दोन गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगतात, तिसरी हर-टू या प्रथिनाबद्दल), आणि हर-टूचा निकाल 'दोन अधिक' असा संदिग्ध आला असेल तर फिश ही अधिक खात्रीची जनुकचाचणीही व्हावी. दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी आणि काखेसह सोनोग्राफी आवश्यक आहे. काखेत संशयास्पद गाठ दिसली तर तिचीही सुईने तपासणी करावी. रोग शरीरात इतरत्र पसरला आहे का हे पाहणाऱ्या खर्चिक पेट स्कॅनची मात्र पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात, हाडे दुखणे किंवा धाप लागणे अशी काही लक्षणे नसतील तर, सरसकट गरज नसते. तो सांगितला गेला तर कशासाठी, हे विचारण्यात संकोच करू नये.

दोन शस्त्रक्रिया, आयुष्य सारखेच

सुरुवातीच्या टप्प्यात मुख्यतः दोन मार्ग असतात. एकात गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी भाग काढून स्तन राखला जातो आणि त्यानंतर रेडिएशन, ज्याला आपल्याकडे अनेक जण 'शेक' म्हणतात, दिले जाते. दुसऱ्यात पूर्ण स्तन काढला जातो. या दोहोंची तुलना जगात फार काळजीपूर्वक झालेली आहे. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो वेरोनेझी यांनी १९७३ ते १९८० या काळात २ सेंटिमीटरपर्यंत गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले, आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर अशीच चाचणी केली. दोन्ही चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

फरक कोठे आढळला, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मिलानच्या चाचणीत वीस वर्षांत त्याच जागी रोग परत येण्याचे प्रमाण स्तन राखलेल्यांमध्ये शंभरात सुमारे नऊ होते आणि पूर्ण काढलेल्यांमध्ये शंभरात दोन-तीन. म्हणजे पूर्ण स्तन काढल्यानेही छातीवर रोग परतण्याची शक्यता शून्य होत नाही, आणि राखल्याने ती थोडी वाढते. परंतु तेथे परतलेला रोग बहुधा वेळीच सापडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करता येते, म्हणून जगण्याच्या हिशेबात दोन्ही बाजू समान राहिल्या. आजच्या औषधांमुळे हे प्रमाण आणखी खाली आले आहे.

फिशर यांच्या चाचणीतील एक आकडा मात्र मला प्रत्येक कुटुंबासमोर ठेवावासा वाटतो. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांमध्ये वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण १४ टक्के होते, आणि गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये ते ३९ टक्के होते. स्तन राखणे आणि शेक पूर्ण करणे हा एकच उपचार आहे. त्याचा अर्धा भाग घेऊन उरलेला सोडून देता येत नाही.

खरा प्रश्न : शेक पूर्ण होईल का

म्हणूनच सोलापुरात हा निर्णय शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा रोजच्या येण्याजाण्यावर अधिक अवलंबून असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. रेडिएशन सहसा आठवड्याचे पाच दिवस, सुमारे तीन आठवडे, म्हणजे १५ वेळा दिले जाते. वय कमी असेल तर गाठीच्या जागेवर आणखी काही मात्रा दिल्या जातात. प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटेच लागतात, पण मंगळवेढ्याहून किंवा करमाळ्याहून रोज येणाऱ्या स्त्रीचा सगळा दिवस त्यात जातो आणि तिच्याबरोबर येणाऱ्याचा रोजही बुडतो. २०२० मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीने एका आठवड्यात पाच वेळा दिलेले रेडिएशनही तितकेच परिणामकारक असल्याचे दाखवले. ते प्रत्येकीला लागू पडत नाही, परंतु आपल्याला चालेल का, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधीच भेटून विचारावे.

ही भेट आधी घेणे फार मोलाचे आहे. शेक सोलापूर शहरात घ्यायचा, की सुमारे ७० किलोमीटरवरील बार्शीला, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, हे घर कोणत्या तालुक्यात आहे त्यावर ठरवता येते. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदणी चालते. ती देशातील अशा प्रकारची पहिली नोंदणी आहे, आणि खेड्यातून येणाऱ्या स्त्रियांच्या अडचणी तेथील लोकांना नव्याने समजावून द्याव्या लागत नाहीत. सध्या गर्भारपण आहे का, पूर्वी छातीवर रेडिएशन झाले आहे का, हेही याच भेटीत सांगावे, कारण या दोन्ही कारणांनी शेक देता येत नाही किंवा पुढे ढकलावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असताना शेक घ्यावा लागला तर काखेतील आणि स्तनाखालील त्वचा लवकर सोलवटते. सैल सुती कपडे, कोमट पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलेच मलम पुरेसे आहे, ऊन टाळावे.

पूर्ण स्तन काढला म्हणजे शेक आणि केमो (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधे) दोन्ही टळतात, असे अनेकांना वाटते. गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी निघाली किंवा काखेतील ग्रंथींत रोग सापडला, तर पूर्ण काढल्यानंतरही शेक द्यावा लागू शकतो. केमो द्यायची की नाही हे गाठीच्या स्वभावावर, म्हणजे त्या तीन चाचण्यांवर, आकारावर आणि काखेच्या अहवालावर ठरते. शस्त्रक्रियेच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. याउलट सत्तरीच्या पुढच्या, ईआर पॉझिटिव्ह, २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीच्या आणि काख मोकळी असलेल्या स्त्रीला पाच वर्षे हार्मोनविरोधी गोळ्या नेमाने घेण्याच्या अटीवर शेकाशिवायही स्तन राखता येतो.

पूर्ण काढणे केव्हा योग्य

स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत एकाहून अधिक गाठी असतील, मॅमोग्राफीत संशयास्पद चुन्याचे कण दूरवर पसरलेले दिसत असतील, गाठ स्तनाच्या मानाने फार मोठी असेल किंवा पुन्हा पुन्हा काढूनही काढलेल्या भागाच्या कडा रोगापासून मोकळ्या मिळत नसतील, तर पूर्ण स्तन काढणे हाच सहसा शहाणपणाचा मार्ग ठरतो. शेक पूर्ण करणे कोणत्याही कारणाने शक्य नसेल, तर तेही पुरेसे कारण आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. काही स्त्रियांना सगळे पर्याय समजल्यानंतरही पूर्ण काढल्यानेच मनाला शांतता मिळते. तो निर्णय त्यांचा आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे.

दुसरा, निरोगी स्तनही काढावा का, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. सर्वसाधारण स्त्रीच्या बाबतीत त्याने आयुष्य वाढत नाही. परंतु वय कमी असेल, तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील, किंवा आई, बहीण, मावशी, आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर बीआरसीए या, दोष असल्यास हे कर्करोग घराण्यात आणणाऱ्या, जनुकांच्या रक्तचाचणीबद्दल शस्त्रक्रियेआधीच विचारावे, कारण तिचा निकाल हा निर्णय बदलू शकतो.

गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी असून हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील, तर डॉक्टर आधी औषधे आणि मग शस्त्रक्रिया सुचवू शकतात. ही टाळाटाळ नव्हे. गाठ लहान होऊन स्तन राखता येतो आणि औषध लागू पडते की नाही हे डोळ्यांसमोर कळते. फक्त केमोआधी गाठीच्या जागी धातूची बारीक क्लिप बसवली आहे ना, याची खात्री करावी. गाठ विरघळून गेली तर शल्यविशारदाला जागा दाखवणारी तीच खूण असते. पुढे मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीने केमो सुरू होण्याआधीच तसे सांगावे.

काख आणि कामाचा हात

स्तनाबद्दल घरात बरीच चर्चा होते, काखेबद्दल कोणीच बोलत नाही. वास्तविक पुढच्या आयुष्यातील त्रास पुष्कळदा तेथूनच सुरू होतो. काखेतील सगळ्या ग्रंथी काढल्या तर साधारण पाचांतील एका स्त्रीचा हात पुढे सुजतो. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून फक्त पहिल्या काही ग्रंथी काढून तपासल्या, तर हेच प्रमाण वीसात एक इतके उतरते. त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. तपासणीत काख मोकळी दिसत असेल तर "माझी सेंटिनल नोड बायोप्सी होणार आहे का?" हा प्रश्न नक्की विचारावा, आणि त्या रुग्णालयात ती होत नसेल तर ती जेथे होते तेथे जाण्याचा विचार करावा.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या किंवा चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या स्त्रीसाठी हा प्रश्न सरळ पोटापाण्याचा आहे. तासन्‌तास मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कापताना कात्री लागणे रोजचेच असते, आणि ग्रंथी काढलेल्या हाताला लागलेली लहान जखमही चिघळून सूज वाढवू शकते. तुम्ही कोणते काम करता, कोणता हात वापरता, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. त्यांना ते फाईलवरून कळणार नाही. शस्त्रक्रियेनंतर खांद्याचे व्यायाम पहिल्या दिवसापासून कोणते आणि जखमेतील पाणी काढणारी नळी निघाल्यावर कोणते, हे फिजिओथेरपिस्टकडून आधीच शिकून घ्यावे.

निर्णयाच्या खोलीत कोण असावे

ती स्त्री स्वतः असावी. हे लिहावे लागते, कारण पुष्कळदा नवरा, दीर आणि मुलगा आत जातात आणि ती बाहेर बाकावर बसून राहते. तिला मराठीपेक्षा तेलुगू किंवा कन्नड अधिक कळत असेल, तर तिच्या भाषेत नीट सांगू शकणारी बहीण, भावजय किंवा शेजारीण बरोबर न्यावी आणि डॉक्टरांचे बोलणे लिहून घ्यावे. नवऱ्याला काय वाटेल, या धास्तीने काही जणी स्तन राखण्याची इच्छा बोलून दाखवत नाहीत आणि काही जणी पूर्ण काढण्याची. शल्यविशारदाशी दोन मिनिटे एकटीने बोलण्याची मुभा तिला मागून द्यावी.

पूर्ण काढल्यास त्याच वेळी किंवा नंतर पाठीच्या अथवा पोटाच्या मांसाने, किंवा सिलिकॉनने, स्तनाची पुनर्रचना करता येते. ती नको असल्यास ब्लाऊजच्या आत बसणारा कृत्रिम स्तन मिळतो. मशेरी, तंबाखू लावत असाल तर ती आजच थांबवा, कारण तिने जखम भरायला उशीर होतो. रक्तातील साखरही आटोक्यात आणावी.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटावे आणि दाखल होण्याआधी पूर्वमंजुरी घ्यावी. पैसे भरल्यानंतर ते योजनेतून परत मिळतील असे गृहीत धरू नये. शस्त्रक्रिया, केमो आणि शेक या तिन्हींची सोय त्याच रुग्णालयात योजनेखाली होईल का, हेही तेव्हाच विचारावे.

आणखी एक प्रश्न शल्यविशारदाला विचारण्याजोगा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचे साधे, स्वस्त औषध टोचले होते. पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण त्या गटात ९० टक्के होते आणि इतरांत ८६ टक्के. आपल्या बाबतीत ते देता येईल का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर अंतिम पॅथॉलॉजी अहवाल यायला आठवडा-दहा दिवस लागतात. त्यात गाठीचा मोजलेला आकार, कडा मोकळ्या आहेत का, आणि काखेतील किती ग्रंथी तपासल्या व त्यांपैकी किती बाधित निघाल्या, या तीन गोष्टी स्वतः वाचाव्यात किंवा वाचून घ्याव्यात. कडेवर रोग आढळला तर पुन्हा थोडा भाग काढावा लागतो. तशी शक्यता घरी आधीच सांगून ठेवावी आणि केमो किंवा शेकाची पहिली तारीख याच भेटीत ठरवून घ्यावी.