विजांच्या आठवड्यात कुरडया कधी भिजवाव्यात

एप्रिल-मेमध्ये ही बातमी येतेच: ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ४० ते ५० किमी वेगाने सोसाट्याचा वारा, कमाल तापमानात २ ते ४ अंशांनी घट.’ ज्यांच्या घरी वाळवण नाही ते खूश होतात. नागपूरचा पारा ४३-४४ वरून ३९ वर आला की रस्त्यावर माणसं हसताना दिसतात. मी मात्र गव्हाच्या पातेल्याकडे बघत बसते. वीसेक उन्हाळे या गच्चीवर काढल्यावर सांगते, कुरडया बिघडतात त्या बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे. सोऱ्या, चीक, मीठ-हिंग यांवर बोलायला घरोघरी एकेक आत्या आहेच, म्हणून ते सोडून देते.

पापड, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचे चिप्स यांचं सोपं आहे. सकाळी आभाळ बघा, घाला. नाहीच जमलं तर उद्या.

कुरडईचं तसं नाही. सोमवारी गहू भिजवला, रोज पाणी बदललं, गुरुवारी वाटून चीक गाळला, रात्रभर निवू दिला, तर शिजवणं शुक्रवारी पहाटे. ऊन लागतं शुक्रवारी आणि शनिवारी. म्हणजे सोमवारी गच्चीवर कितीही लख्ख ऊन असलं तरी ते आपल्या उपयोगाचं नाही. मला हे कळायला दोन पातेली चीक वाया जावा लागला. पहिल्या वर्षी ४४ अंश बघून गहू भिजवला, ‘आता काय पाऊस येतो’ म्हणत. शुक्रवारी सकाळी अकराला निम्म्या कुरडया घालून झाल्या आणि चारला वावटळ आली. साडीसकट त्या शेजारच्या गच्चीवर! उरलेला चीक आम्ही तेल-तिखट घालून दोन दिवस खाल्ला. तिसऱ्या दिवशी कोणी त्याचं नाव काढेना.

शेजारपाजारचा सल्ला असतो, ‘पाऊस उघडू दे, मग भिजव.’ हा सल्ला ऐकूच नका. पाऊस उघडल्यावर भिजवलात की हातात आलेले कोरडे दिवस गहू आंबण्यात जातात, आणि वाळवायची वेळ येते तेव्हा पुढचा वळीव दारात. उलट करा. अंदाजात विजांचे तीन-चार दिवस दिसले आणि त्यापुढे ‘कमाल तापमानात हळूहळू वाढ’ असं वाक्य आलं, की त्या विजांच्या पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशीच गहू भिजवा. गहू घरात आंबतो, त्याला पावसाचं काय? शिवाय ही उतरलेली हवा गव्हाला मानवते. ४४ अंशांत तो दीड दिवसात फसफसून वास मारायला लागतो आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावं लागतं. ३८-३९ ला शांतपणे आंबतो.

आता अंदाज वाचायचा कसा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय तक्ता बघा, फोनमधलं ढगाचं चित्र नको. त्या चित्रात आठवडाभर ढग आणि वीज दिसते, त्यावरून कोणता दिवस ते कळत नाही. तक्त्यातला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द जागेबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०. त्यामुळे तुरळकवाल्या दिवशी काटोलला गारा आणि आपल्याकडे कोरडं, हे नेहमीचंच. पण ज्या गच्चीवर पडतो तिथे तो धो धो पडतो. तक्त्यातल्या इशाऱ्याच्या रंगांचाही घोळ होतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पाऊस नाही असं नव्हे. हलकी सर हिरव्यातही येऊ शकते, आणि ओल्या कुरडईचा चिखल व्हायला हलकी सर पुरे.

माझा नियम: वाळवायच्या दोन दिवसांवर पिवळा इशारा असेल आणि लागोपाठ तीन दिवसांच्या पत्रकांत तो तिथेच ठाण मांडून असेल, तर गहू डब्यातच राहू द्या. पाचव्या दिवसाचा अंदाज कच्चाच असतो, एका पत्रकावर भरवसा नको.

गहू भिजवल्यावर अंदाज फिरला तर? गाळलेला चीक फ्रिजमध्ये एक दिवस थांबतो. दुसऱ्या दिवशी आंबटपणा चढतो.

वाळवणाच्या दिवशी सातच्या आत घालून मोकळं व्हा. एका मोठ्या प्लास्टिकवर सगळं पसरू नका. एका माणसाला चारही कोपरे धरून उचलता येईल एवढे तुकडे करा. उन्हाळी ढग बहुतेक दुपारनंतर बांधले जातात, म्हणून एकपासून हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि नागपूरच्या रडारचं चित्र बघत राहा. एका चित्राने काही कळत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन बघा, पिवळे-लाल ठिपके आपल्याकडे सरकताहेत का ते दिसतं. मातीचा वास येईपर्यंत थांबणारे दरवर्षी फसतात. ढगातून खाली कोसळलेली गार हवा पावसाच्या आधी पोचते आणि धूळ आणते. धूळ बसलेली कुरडई तळल्यावर दाताखाली कचकचते.

आणि गडगडाट ऐकू आला तर वर जाऊ नका. चमक आणि आवाज यांत ३० सेकंद असतील तर वीज साधारण १० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुढची तुमच्या गच्चीवरही पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळच्या विजा दाखवतं, ते फोनमध्ये ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गच्ची विसरा. पाचशे रुपयांच्या कुरडया भिजू द्या.

अर्धवट वाळलेल्या कुरडया खाली आणल्या तर पंख्याखाली उघड्या पसरा. वरून प्लास्टिक झाकलंत की रात्रीत बुरशी. कूलरच्या खोलीत तर अजिबात नको, तिथली हवा ओली असते. पावसानंतरचा दिवस ३८ अंशांचा, सुखाचा वाटतो, पण हवेत दमटपणा असल्याने वाळायला दीडपट वेळ घेतो, तेव्हा आणखी एक ऊन द्या. डब्यात भरण्याआधी मधोमध एक मोडून बघा. कट्ट आवाज आला तर भरा, वाकली तर परत गच्चीवर.