बेरी कुठली आणि कुठली नाही? फळं ओळखताना या चुका टाळा

पहिली चूक म्हणजे नाव बघून ठरवणं. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी यातली एकही बॉटनीच्या हिशोबाने बेरी नाही, आणि केळं, टोमॅटो, वांगं, द्राक्ष ही मात्र पक्की बेरी. हे कळल्यावर काही जण उलटं धरून बसतात की नावात बेरी असलं की ते बेरी नसणारच, पण ब्लूबेरी खरोखर बेरी आहे, त्यामुळे तसंही करू नका.

बेरी म्हणजे मृदुफळ. एका फुलातल्या एकाच अंडाशयापासून (फुलाच्या ज्या भागाचं पुढे फळ होतं तो) झालेलं, फळाची भिंत म्हणजे साल-गर सगळं मऊ, आत कडक कवच नाही. केळ्यात बी कुठाय असं विचाराल तर मधले ते काळे ठिपके बघा, ती न वाढलेली बीजांडं आहेत, जंगली केळ्यात चांगल्या टणक बिया निघतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते आठळीपाशी. आत एकच टणक गोष्ट दिसली की लगेच आंब्याच्या गटात टाकून मोकळे! पण तो टणकपणा कोणाचा हे बघायला पाहिजे, फळाच्या भिंतीचा की बीचा. आंब्याची कोय फोडून बघा, आत वेगळी बी मिळते, म्हणजे कोयीचं कवच ही फळाचीच आतली भिंत, म्हणून आंबा आठळीफळ. आता खजुराची बी फोडा, आत वेगळं काही नाहीच, आरपार घट्ट, कारण ती स्वतःच बी आहे आणि फळाची आतली भिंत म्हणजे बीभोवतीचा तो पातळ पापुद्रा. म्हणून खजूर एकबीजी बेरी! मला स्वतःला हे उदाहरण फार आवडतं, एकदा हातात घेऊन फोडलं की परत विसरायला होत नाही.

मग अंडाशय किती होते ते बघायचं राहून जातं. स्ट्रॉबेरीच्या एका फुलात भरपूर असतात, वरचे जे दाणे आपण बिया समजतो त्यातला प्रत्येक दाणा एक अख्खं फळ आहे आणि लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन, म्हणजे देठाचा तो शेंडा ज्यावर फुलाचे भाग बसलेले असतात. रास्पबेरीचा एकेक मणी छोटं आठळीफळ. अननसात तर अनेक फुलं मिळून एक फळ होतं. कापून कळत नसेल तर सरळ त्या झाडाचं फूल शोधा, निम्मा घोळ तिथेच मिटतो.

आणि टोमॅटो फळ की भाजी यावर वाद घालताना अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1893 चा निकाल पुढे करू नका. कोर्टाने त्याला भाजी म्हटलं ते आयात करापुरतं, बॉटनीप्रमाणे ते फळ आहे हे त्याच निकालात मान्य केलंय.