ऑक्टेव्ह आणि फझ एकत्र लावून बासचा सूर साफ कसा ठेवायचा

घरी एकट्याने वाजवताना ऑक्टेव्ह (सूर एक सप्तक खाली नेणारा) आणि फझ (आवाज फाडून खरखरीत करणारा) असे दोन्ही पेडल दाबले की खिडक्या थरथरतात आणि वाटतं बस्स, हाच तो टोन. मग तेच सेटिंग घेऊन बँडच्या प्रॅक्टिसला जातो, ड्रमर सुरू होतो, गिटारवाला डिस्टॉर्शन लावतो आणि बास गायब. खालून नुसती घरघर आणि वरून भुणभुण, कोणता सूर वाजतोय ते माझं मलाच कळत नाही. माझं हे जवळजवळ दोन वर्षं चाललं, तीन फझ घेतले आणि विकले, मग कुठे लक्षात आलं की पेडल सगळे चांगलेच होते, मी सगळ्यांना एकाच कामाला जुंपत होतो. खालचं वजन ऑक्टेव्हने द्यायचं, वरची धार फझने द्यायची, आणि सूर कोणता आहे हे सांगायचं काम तिसऱ्याचं, म्हणजे तुमच्या साध्या क्लीन बासचं. ढोलताशा पथकात उभं राहून ऐकलं असेल तर हे लगेच पटेल, ढोल कितीही असू देत, ताशा नसेल तर ठेका कळत नाही, आणि नुसता ताशा असेल तर पोटात धक्का बसत नाही.

तर आता एकेक करून सांगतो, पेडल कोणत्याही कंपनीचे असले तरी चालेल.

आधी आत काय होतं ते थोडं समजून घ्या

ऑक्टेव्ह पेडल म्हणजे तुमच्या सुराचा मंद्र सप्तकातला जोडीदार. बॉसचा ओसी-२ १९८२ मध्ये आला आणि बासवाले आजही तो जुना शोधत फिरतात, त्याला तीनच नॉब, एक सप्तक खाली, दोन सप्तकं खाली, आणि तुमचा मूळ आवाज. असल्या अ‍ॅनालॉग पेडलमध्ये आत एक सर्किट तुमच्या लाटा मोजतं आणि दर दोन लाटांमागे एक लाट बाहेर काढतं, म्हणून सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. पण त्याला एका वेळी एकच सूर मोजता येतो. दोन तारा एकदम वाजल्या किंवा मागची तार नीट दाबली गेली नाही की ते गोंधळतं आणि आवाज अडखळतो, त्यालाच ट्रॅकिंग जाणं म्हणतात. डिजिटल पॉलिफोनिक पेडल, जसे इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे पॉग, त्यांना दोन-तीन सूर एकदम चालतात.

फझ याच्या उलट वागतो. तो लाटेचे शेंडे कापून तिला चौकोनी करतो आणि त्यातून मूळ सुराच्या वरचे ढीगभर हार्मोनिक्स, म्हणजे उपसूर, तयार होतात. बरेचसे फझ मुळात गिटारसाठी बनवलेले, त्यामुळे बासचा खालचा भाग त्यांच्यात पातळ होतो, आणि बिग मफसारख्यात तर मिड्स (मधल्या पट्टीचे आवाज) मुद्दाम खोल गेलेले असतात. एकट्याने ऐकायला ते फार मस्त लागतं, पण बँडमध्ये बासचा सूर कळतो तो मिड्समुळेच, आणि तिथेच तुमच्याकडे खड्डा पडलेला असतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे फझमध्ये दोन वेगवेगळे सूर एकदम गेले की त्यांच्यातल्या फरकाचा तिसरा सूर निघतो. समजा ११० हर्ट्झचा (सेकंदाला ११० लाटा) ए आणि त्याच्यावरचा सी शार्प, साधारण १३९, असे एकदम वाजवले, तर खाली २९ हर्ट्झच्या आसपास एक भूत तयार होतं जे कुठल्याच सुरात बसत नाही. चिखल म्हणतो तो हाच. मूळ सूर आणि त्याचं खालचं सप्तक मिळून फझमध्ये गेले तर असं बेसूर भूत निघत नाही कारण त्यांचं नातं नेमकं दुपटीचं आहे, फक्त सगळा आवाज एक सप्तक खाली सरकल्यासारखा, सिंथसारखा जाड होतो. म्हणून फझ चालू असताना कॉर्ड विसरा, एका वेळी एकच सूर.

पहिलं काम, कुठे वाजवायचं ते ठरवा

पेडलला हात लावायच्या आधी हे करा कारण अर्धा टोन इथेच बिघडतो. चार तारांच्या बासची खुली ई तार ४१ हर्ट्झला वाजते. तिचं खालचं सप्तक जवळजवळ २०.६ हर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाची हद्द जिथे संपते तिथे. दहा इंची स्पीकरचा कॅब (स्पीकरचा खोका) ते काढूच शकत नाही, अँपची ताकद मात्र त्यात खर्च होते आणि वरचा आवाजही मग दबतो.

माझा नियम असा की खालचं सप्तक लावायचं तर ई तारेवर बाराव्या फ्रेटपासून, ए तारेवर सातव्यापासून आणि डी तारेवर दुसऱ्या फ्रेटपासून वर वाजवायचं, ही तिन्ही ठिकाणं म्हणजे एकच सूर, ८२ हर्ट्झचा ई. याच्या वर राहिलात तर ऑक्टेव्हचा सूर तुमच्या बासच्या स्वतःच्या हद्दीतच पडतो आणि कॅबला झेपतो. रिफ खाली असेल तर तो वरच्या जागी उचलून वाजवा, वजन ऑक्टेव्ह देईलच. थोडं खाली उतरलं तरी जग बुडत नाही, ए तारेच्या पाचव्या फ्रेटपर्यंत चांगल्या कॅबवर चालतं, पण खुल्या ई वर ऑक्टेव्ह बंदच ठेवा.

नेक पिकअप चालू ठेवा, टोन नॉब निम्म्यावर आणा, उजवा हात थोडा नेकच्या बाजूला न्या. याने मूळ सूर ठसठशीत जातो, हार्मोनिक्स कमी जातात आणि ऑक्टेव्ह पेडलला मोजायला सोपं पडतं. ज्या तारा वाजत नाहीत त्या अंगठ्याने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून ठेवायची सवय लावा. ट्रॅकिंगच्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आणि त्यातल्या बहुतेक हातातून निघाल्या.

दुसरं काम, क्रम

एकामागे एक लावायचे असतील तर ऑक्टेव्ह आधी, फझ नंतर. बासचा साफ सिग्नल ऑक्टेव्हला मिळाला पाहिजे, फझमधून आलेला हार्मोनिक्सने भरलेला सिग्नल जुन्या पद्धतीच्या ऑक्टेव्हला मोजता येत नाही. कंप्रेसर असेल तर तो सगळ्यांच्या आधी, जोर एकसारखा राहिला की ट्रॅकिंग टिकतं. उलटा क्रम लावून काही लोक व्हिडिओ गेमसारखा तुटक आवाज मुद्दाम काढतात, तो छानच आहे, पण आज आपल्याला सूर साफ हवाय.

आता खरी मेख. फझला ब्लेंड नॉब, म्हणजे क्लीन आणि फझ किती मिसळायचं ते ठरवणारा, आहे का ते बघा. बास बिग मफवर ड्राय नावाचा स्विच आहे, तो लावला की फझबरोबर मूळ सिग्नलही बाहेर येतो. ऑक्टेव्ह आधी आणि ब्लेंडवाला फझ नंतर असं लावलं की त्या ड्राय वाटेने तुमचा क्लीन बास आणि खालचं सप्तक दोन्ही न कापता पुढे जातात आणि फझ त्यांच्यावर तरंगतो. दोन पेडलमध्ये याच्याइतकं साफ दुसरं काही मला मिळालं नाही, बजेट कमी असेल तर इथेच थांबा आणि सरळ सेटिंगवर या.

दोन लेन करायच्या असतील तर

ज्यांना हे रोज लागतं त्यांनी सिग्नल दोन वाटांनी न्यावा. बॉसचा एलएस-२ घ्या किंवा दोन लूपचा (सिग्नल दोन वाटांनी नेऊन परत मिसळणारा) कुठलाही ब्लेंडर घ्या. बास त्याच्या इनपुटला, ए लूपमध्ये ऑक्टेव्ह, बी लूपमध्ये फझ, आणि मोड ए अधिक बी मिक्सवर. आता ऑक्टेव्ह फझमधून जातच नाही, दोघं आपापल्या लेनमध्ये.

फझच्या लेनमध्ये एक इक्वलायझर टाका. बॉसच्या जीईबी-७ वर ५० आणि १२० हर्ट्झचे स्लाइडर आहेत, ते दोन्ही चांगले खाली ओढा आणि ८०० चा थोडा वर करा. हा इक्वलायझर फझच्या नंतर लावा. मी बरेच दिवस आधी लावायचो आणि फरक का पडत नाही ते कळायचं नाही, मग समजलं की आधी लो (खालचा भाग) कापला तरी फझ इतका दाबून चौकोन करतो की मूळ सूर पुन्हा तेवढाच उभा राहतो. आधी लावल्याने फझचा पोत बदलतो, जरा घट्ट होतो, पण खालची जागा मोकळी होते ती नंतर लावल्यानेच.

एक धोका मात्र नक्की तपासा, फेज. काही पेडल सिग्नल उलटा करून बाहेर काढतात. एरवी कळत नाही, पण दोन लेन परत एकत्र आल्या की उलट्या लाटा एकमेकींना खातात आणि सगळ्यात आधी जातो तो लो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात माझं असंच झालं होतं, फझ दाबला की बास मोठा व्हायच्या ऐवजी डब्यातून आल्यासारखा बारीक व्हायचा, आणि मी पूर्ण गाणंभर व्हॉल्यूम वाढवत राहिलो. तपासायला सोपं आहे, ऑक्टेव्ह बंद करून ए लेनमध्ये नुसता क्लीन ठेवा, खुली ए तार वाजवा, मग फझची लेन हळूहळू वाढवा. आवाज भरत गेला तर ठीक, पोकळ होत गेला तर फेज उलटी आहे, मग फेज स्विच असलेला ब्लेंडर लागेल किंवा दुसरा फझ.

आणि हो, फझ फेस या जुन्या फझच्या जातीचे पेडल असल्या लूपमध्ये बसत नाहीत. त्यांना सरळ बासचा पिकअप दिसावा लागतो, मध्ये बफर (सिग्नल बळकट करणारं सर्किट) आला की आवाज टोचरा होतो. मफ जातीच्यांना एवढा त्रास होत नाही.

तिसरं काम, नॉब

सगळं शून्यावर आणा आणि आधी फक्त क्लीन बास बँडच्या आवाजाला सेट करा. ही पायरी लोक सोडतात आणि मग सगळं चुकत जातं. मग ऑक्टेव्ह, मूळ आवाजाचा नॉब बारावर (नॉबच्या जागा घड्याळाच्या काट्यासारख्या मोजतोय), एक सप्तक खालचा नॉब शून्यापासून वाढवत न्या आणि तो वेगळा ऐकू यायला लागला की किंचित मागे घ्या. माझ्याकडे हे साधारण दहा-अकरा वाजता येतं. वाजवताना कळू नये पण बंद केल्यावर पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटावं, इतकंच. दोन सप्तकांचा नॉब बंद.

फझचा गेन (आवाज किती फाडायचा तो नॉब) आठ-नऊ वाजेपासून सुरू करा. तुम्हाला घरी एकट्याने जेवढा हवासा वाटतो त्याच्या निम्मा बँडमध्ये पुरतो, कारण गेन वाढला की बोटाचा जो सुरुवातीचा ठोका असतो तो सपाट होतो आणि मग ड्रमच्या किकबरोबर बास बसत नाही. टोन नॉब मध्यापेक्षा जरा वर. व्हॉल्यूम असा की फझ दाबल्यावर आवाज थोडासाच पुढे यावा. ब्लेंड निम्म्यापासून सुरू करून बघा, कोणता सूर आहे ते गाऊन दाखवता आलं पाहिजे, आलं नाही तर क्लीन वाढवा.

मग मोबाईलवर प्रॅक्टिस रेकॉर्ड करा आणि दोनदा ऐका. एकदा मोबाईलच्याच स्पीकरवर, तिथे लो निघतच नाही, त्यामुळे फझ आणि मिड्सने सूर पोचवला का ते लगेच कळतं. मग चांगल्या हेडफोनवर, तिथे खालचं सप्तक किकवर चढून बसलंय का ते ऐका. मोबाईलवर बास गायब असेल तर मिड्स वाढवा, ऑक्टेव्ह नाही.

वरचं सप्तक लावायचं असेल तर

याची मजा वेगळीच. रॉजर मेयरने बनवलेला आणि १९६७ मध्ये जिमी हेंड्रिक्सने वापरलेला ऑक्टेव्हिया हा याचा बाप, त्यात लाटेची खालची बाजू दुमडून वर आणतात त्यामुळे लाटा दुप्पट होतात आणि तार सप्तकातला सूर फझसकट निघतो. बासवर हा बाराव्या फ्रेटच्या वर नेक पिकअपने आणि टोन कमी करून सगळ्यात छान उमटतो. इंग्लंडच्या रॉयल ब्लड बँडमध्ये गिटारिस्टच नाही, बास आणि ड्रम दोघंच, आणि माइक केर वरच्या सप्तकाने बासमधून गिटारचाही भाग काढतो. तसं करायचं तर पॉगसारख्या साफ पेडलने वरचं सप्तक काढून फक्त तेच फझमध्ये घाला आणि क्लीन लो वेगळ्या वाटेने अँपला.

करंट आणि साउंडवाला

फझ हा गुणगुण दहापट करून दाखवतो. एकाच अडॅप्टरवर वायरने साखळी करून सगळे पेडल चालवलेत, विशेषतः डिजिटल ऑक्टेव्हबरोबर, तर शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो, म्हणून प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला पॉवर सप्लाय घ्या. बहुतेक पेडल ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह असे असतात, पण काही जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझचं ग्राउंड उलटं असतं, ते साखळीत जोडले तर शॉर्ट होतं, त्यांना वेगळी बॅटरी द्या. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा गणपतीच्या मांडवात अर्थिंगचा भरवसा नसतो, तिथे नॉइज गेट (वाजवत नसताना गुणगुण बंद करणारा पेडल) फझच्या नंतर ठेवा, पण लेन दोन असतील तर फझच्याच लेनमध्ये, नाहीतर तो ऑक्टेव्हच्या सुराची शेपटी पण कापतो.

साउंडवाल्याला डीआय (मिक्सरला सरळ जाणारा सिग्नल) पेडलच्या नंतरचा द्या आणि साउंडचेकलाच दोन्ही पेडल दाबून सगळ्यात जड भाग वाजवून दाखवा, नुसता क्लीन वाजवून लेव्हल घेऊ देऊ नका. तुमच्या चॅनेलवर ३० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा, मग सबवूफर किकसाठी मोकळा राहतो. आणि घरी जायच्या आधी नॉबचे फोटो काढून ठेवा, बॅगेत ते फिरतातच.