नदीच्या पाण्यातलं क्लोरोफिल-ए मोजताना

गंगापूर धरणाचं किंवा रामकुंडाखालचं पाणी किती हिरवं, हे डोळ्यांनी ठरवू नका. गाळ आणि ऊन दोन्ही फसवतात. पाण्यात शेवाळ किती, याचा सर्वात सोपा भरवशाचा पुरावा म्हणजे क्लोरोफिल-ए, म्हणजे शेवाळातलं हिरवं रंगद्रव्य. नाशिकच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रव किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) असला, की ते मोजता येतं. आकडा बिघडतो तो बहुधा यंत्रापाशी पोहोचण्याआधीच.

नमुना तपकिरी बाटलीत घ्या, बाटलीचं तोंड पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटीमीटर नेऊन मग उघडा. मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित शेवाळांच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात, त्यामुळे पाणी संथ असेल तर ती वर तरंगून साय धरतात. तीच साय बाटलीत आली तर आकडा अवाच्या सवा फुगतो. बाटली लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना सरळ फेकून द्यावा.

गाळणं त्याच दिवशी उरका. काचतंतूंचा जीएफ/एफ फिल्टर (छिद्र ०.७ मायक्रोमीटर) वापरा, उजेड मंद ठेवा, आणि पंपाचा ओढा १५० मिलिमीटर पाऱ्याच्या वर नेऊ नका, जास्त ओढलं की नाजूक पेशी फुटून रंगद्रव्य खाली निसटतं. पाणी हिरवंगार असेल तर २०० मिलिलिटर पुरतं, स्वच्छ असेल तर लिटरभर लागतं. शेवटी मॅग्नेशियम कार्बोनेटच्या द्रावणाचे दोन-चार थेंब टाका. आम्लाने क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम निघून जातो आणि फिओफायटिन उरतं. ते टाळण्यासाठी हे थेंब. लगेच काम करायचं नसेल तर फिल्टर घडी घालून, फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवा.

आता फिल्टर ९० टक्के ॲसिटोनमध्ये खलून एकूण १० मिलिलिटर करा. खलण्याचा कंटाळा करू नका: क्लोरेला, सेनेडेस्मससारख्या हिरव्या शेवाळांची पेशीभित्ती चिवट असते, नुसतं भिजवून रंग पुरता सुटत नाही. अंधारात ४ अंशांवर किमान दोन तास, शक्य असेल तर रात्रभर ठेवा आणि मग सेंट्रीफ्यूज करा. क्युवेट (यंत्रात अर्क ठेवायची छोटी नळी) काचेचीच हवी, पॉलिस्टायरिनची ॲसिटोनमध्ये विरघळते. ब्लँक, म्हणजे यंत्र शून्यावर आणायचा रंगद्रव्याविना द्रव, म्हणून तेच ९० टक्के ॲसिटोन.

६६४ आणि ७५० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. मग क्लोरोफिलचं मुद्दाम फिओफायटिन करून फरक पाहण्यासाठी ३ मिलिलिटर अर्कात ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.१ मिलिलिटर मिसळा, ९० सेकंद थांबा, आणि ६६५ व ७५० ला पुन्हा मोजा. दोन्ही वेळा ७५० चं रीडिंग वजा करा. तो गढूळपणा असतो, शेवाळ नव्हे. ते जास्त आलं तर पुन्हा सेंट्रीफ्यूज करा.

समजा, वजाबाकीनंतर आम्लाआधीचं रीडिंग ०.१८०, आम्लानंतरचं ०.११० आलं, म्हणजे फरक ०.०७०, अर्क १० मिलिलिटर, गाळलेलं पाणी अर्धा लिटर, क्युवेट १ सेंटीमीटरची. तर २६.७ (सूत्रातला ठरलेला गुणक) × ०.०७० × १० ÷ ०.५ = ३७.४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

आधीच्या रीडिंगला नंतरच्याने भागून पाहायला विसरू नका. शुद्ध क्लोरोफिल-ए असेल तर उत्तर १.७ च्या आसपास, सगळं फिओफायटिनच असेल तर १. वरच्या उदाहरणात १.६४ येतं, म्हणजे नमुना चांगला. १.२ आलं आणि पाणी तर ताजं हिरवं होतं, तर बर्फाची पेटी, उजेड आणि काचसामानाला चिकटलेलं आम्ल या तिन्ही गोष्टी आधी तपासा.