अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊ नये म्हणून : वर्षातले उत्तम व्हिडिओ गेम कसे निवडावेत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत माझे चुलते पोत्यातून एक हळकुंड उचलतात, ते मोडतात आणि मोडलेल्या जागेचा रंग उजेडात धरून पाहतात. पॉलिश केल्यावर बाहेरून बहुतेक माल सारखाच पिवळाधमक दिसतो, म्हणून आत पाहावे लागते. आम्ही सहा मित्र दरवर्षी विश्रामबागेतल्या एका घराच्या माडीवर जमून सरलेल्या वर्षातले पाच उत्तम व्हिडिओ गेम निवडतो, आणि ट्रेलर पाहून किंवा गुणांचे आकडे वाचून निकाल देणे म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो. ज्यांना आपल्या मित्रमंडळात अशी यादी मनापासून करायची आहे, त्यांच्यासाठी आमच्या हाताला बसलेली पद्धत येथे लिहीत आहे.

पहिली गरज वहीची आहे. डिसेंबर संपताना शेवटच्या तीन महिन्यांतले गेम मनात ताजे असतात आणि उन्हाळ्याआधी खेळलेले पार विसरले जातात, हे आम्हाला आमच्याच चुकीतून कळले. ‘हाय-फाय रश’ हा गेम 25 जानेवारी 2023 रोजी जाहीर झाला आणि त्याच दिवशी विक्रीलाही आला. नायकाची पावले, शत्रूंचे वार, आजूबाजूची यंत्रेसुद्धा गाण्याच्या तालावर हलतात असा तो गेम आम्ही त्या दिवसांत झपाटल्यासारखा खेळलो होतो, आणि तरीही वर्षअखेरीस सहापैकी एकाच्याही कागदावर त्याचे नाव नव्हते. तेव्हापासून प्रत्येकाने दोनशे पानी वही ठेवावी आणि झोपण्यापूर्वी तारीख, खेळलेले तास व दोन-तीन ओळी लिहाव्यात, असा नियम झाला. या ओळी मोघम नसाव्यात, कारण “ग्राफिक्स छान, मजा आली” ही नोंद सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही. माझ्या वहीत सप्टेंबर 2025 मध्ये ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ आणि त्यातल्या लास्ट जज या बलाढ्य शत्रूबद्दल असे लिहिले आहे : “लास्ट जजकडून सातव्यांदा हरलो. हरण्याचा राग नाही, पुन्हा तिथवर धावत जाण्याचा कंटाळा येतो. वाटेतल्या उड्या मात्र आता हाताला पाठ झाल्या आहेत.” त्या गेमचा दोष आणि त्याची ताकद, दोन्ही त्यात आहेत, आणि निवडीच्या दिवशी मला या नोंदीइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

वर्षाची हद्द नावे पुढे येण्यापूर्वीच ठरवून टाकावी, नाहीतर प्रत्येक जण आपल्या आवडत्या गेमला सोयीचा अर्थ काढतो. ‘द गेम अवॉर्ड्स’ हे 2014 पासून दिले जाणारे पुरस्कार डिसेंबरच्या पूर्वार्धात जाहीर होत असल्याने त्यांची मुदत नोव्हेंबरातच संपते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ 9 डिसेंबर 2024 रोजी आला आणि 12 डिसेंबरच्या समारंभात त्याचा विचार होऊ शकला नाही. आपल्यावर अशी घाई नाही. आम्ही जानेवारी ते डिसेंबर हे सरळ वर्ष धरतो आणि बैठक जानेवारीच्या शेवटच्या रविवारी घेतो, म्हणजे डिसेंबरात आलेल्या गेमलाही पुरेसा वेळ मिळतो. काही गेम अपूर्ण असतानाच अर्ली ॲक्सेस म्हणून विकले जातात : ‘हेडीस 2’ मे 2024 मध्ये तसा मिळू लागला आणि त्याची पूर्ण आवृत्ती 25 सप्टेंबर 2025 रोजी आली. अशा वेळी पूर्ण आवृत्तीचे वर्षच धरावे. जुन्या गेमच्या विस्तारांविषयी मतभेद आहेत. 2024 मध्ये ‘एल्डन रिंग’चा ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हा विस्तार मुख्य पुरस्काराच्या नामांकनांत आला तेव्हा त्यावरून बराच वाद झाला. माझे स्पष्ट मत असे की, जो मूळ गेम घेतल्याशिवाय खेळताच येत नाही त्याला स्वतंत्र गेम मानू नये.

संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या एकट्या ऑनलाइन दुकानात 2024 या वर्षात 18 हजारांहून अधिक गेम आले, तेव्हा सगळे पाहून निवडले असे कोणालाच म्हणता येणार नाही. आम्ही दर तीन महिन्यांनी प्रत्येकी दोन नावे पुढे ठेवतो आणि त्यांतले एक लहान संघाचे असलेच पाहिजे, असा आग्रह धरतो. हा आग्रह सोडला असता तर ‘बलाट्रो’ आमच्या हातून निसटला असता. पोकरच्या डावांवर रचलेला हा गेम मुख्यतः एकाच माणसाने घडवला, तो साध्या फोनवरही चालतो आणि 2024 च्या मुख्य नामांकनांत तो मोठमोठ्या कंपन्यांच्या गेमसोबत होता. खर्चाचाही विचार करावा : ‘स्प्लिट फिक्शन’ दोघांनीच खेळायचा असला तरी एकाने विकत घेतला की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळू शकतो. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. ही सोय आपल्या संगणकावर गेम नीट चालतो का हे पाहण्यासाठी वापरावी. दोन तासांत हळकुंड मोडत नाही.

मोडायचे म्हणजे काय, तर गेममध्ये आपले हात आणि डोके सतत जे काम करत असतात ते वेगळे काढून पाहायचे. 2025 मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’चा मुख्य पुरस्कार मिळवणाऱ्या ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन 33’ची कथा विलक्षण आहे : दरवर्षी एक चित्रकर्ती शिळेवर आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसे नाहीशी होतात. संगीत आणि चित्रेही मनात घर करतात. पण मी स्वतःला विचारले की, कथा बाजूला ठेवली आणि फक्त लढाई उरली, तर मी हा गेम पुन्हा सुरू करीन का? त्यातली लढाई पाळीपाळीने चालते, तरी शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो. तो क्षण साधला की अंगावर येणारा तडाखा आपल्या बाजूने उलटतो. तिसाव्या तासालाही मी त्या क्षणासाठी खुर्चीच्या कडेला सरकून बसत होतो, म्हणून माझे उत्तर होकारार्थी होते. हाच प्रश्न प्रत्येक गेमला विचारावा आणि उत्तर वहीत कारणासह लिहावे.

गेम कोणत्या यंत्रावर खेळला, हेही लिहून ठेवावे. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा चांगल्या संगणकावर खेळणारे आणि जुन्या प्लेस्टेशनवर खेळणारे जणू दोन निराळ्या गेमविषयी बोलत होते, आणि त्याच महिन्यात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला.

मतदानाच्या दिवशी चर्चा नंतर आणि कागद आधी, हा क्रम मोडू नये. एकांकिका स्पर्धांत परीक्षक आपापले गुण आधी लिहितात, तसे प्रत्येकाने आपले पाच गेम क्रमाने लिहून कागद घडी करून ठेवावा. भडंगाचा डबा त्यानंतर उघडावा. पाच, चार, तीन, दोन, एक असे गुण देऊन बेरीज करणे सोपे असले तरी तेवढ्यावर निकाल देऊ नये. या वेळी ‘ब्लू प्रिन्स’ आमच्यापैकी दोघांनीच खेळला होता, दोघांनी त्याला पहिला क्रमांक दिला आणि बेरीज झाली 10. ‘स्प्लिट फिक्शन’ सहाही जणांनी खेळला, तिघांनी त्याला तिसरा आणि तिघांनी चौथा क्रमांक दिला आणि बेरीज झाली 15. कोणाच्याही मते सर्वोत्तम नसलेला गेम केवळ सर्वांनी खेळला म्हणून पुढे गेला होता. यावर उपाय असा की, गेमच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येक जोडीत दोन्ही गेम खेळलेल्यांचेच मत मोजावे. सहा जणांच्या मंडळात किमान तिघांनी खेळलेला नसेल तर त्या गेमचा निर्णय पुढे ढकलावा. आम्ही ‘ब्लू प्रिन्स’साठी तीन आठवडे थांबलो. दार उघडताना तीनपैकी एक खोली निवडत घर रचत जाण्याचा तो गेम आमच्या तिसऱ्या मित्राला भावला, पण त्यातल्या पार्लर नावाच्या खोलीतल्या तीन पेट्यांवरच्या इंग्रजी विधानांतले खरे कोणते आणि खोटे कोणते हे ठरवताना त्याला शब्दकोश उघडावा लागला, आणि त्याने तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. त्याचे कारण आम्ही यादीत लिहिले, कारण मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना तीच अडचण येईल.

अंतिम यादीत प्रत्येक नावापुढे किती जणांनी खेळला, किती तास, कोणत्या यंत्रावर आणि किती जणांनी शेवटपर्यंत नेला, एवढे तपशील असावेत. पुढे मत बदलले तर मूळ यादी खोडू नये, समासात तारीख घालून दुरुस्ती करावी. आमच्या 2023 च्या पानावर ‘हाय-फाय रश’चे नाव अशाच रीतीने, समासात, निळ्या शाईत आहे.