हलका बाण आणि तणशीची गादी
भंडाऱ्याकडे तणशीला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नाही, म्हणून आमची निशाणाची गादीही तणशीचीच. (1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, बाण इथंच मारायचे.) कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य 50 पौंड ओढीचं, बाण 270 ग्रेनचे (ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम). वेग झकास, पण वारा सुटला की 50 मीटरवर बाजूला सरकायचे, अन् गादीत जेमतेम रुतायचे.

टोक 80 ऐवजी 120 ग्रेनचं लावलं. तोल पुढं आला, पण जड टोकानं बाणाची नळी सुटताना जास्त वाकू लागली, बाण पांगले. मग कडक स्पाइनची, म्हणजे कमी वाकणारी, नळी घेतली. बाण आता 350 ग्रेनचा, म्हणजे धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडाला 7 ग्रेन. वेग घटला, संवेग वाढला, बाण खोल जातो. साइट (धनुष्यावरची नेम धरायची खूण) खाली घ्यावी लागली, तेवढं चालतं. पौंडाला 5 ग्रेनच्या खाली मात्र जाऊ नका, धनुष्यालाच मार बसतो.